खतावणीतल्या मुली

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ची कादंबरी ज्याने वाचली, त्याला इकेमेफुना विसरता येत नाही. शेजारच्या गावात उमुओफिया या नायकाच्या गावच्या एका बाईचा खून झाला, म्हणून भरपाईदाखल उमुओफियाला देऊन टाकलेला पंधरा वर्षांचा पोरगा. तीन वर्षं तो नायकाच्या घरात लेकासारखा वाढतो आणि मग त्याचा जीव घेतला जातो. पण भरपाईत तो एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर एक मुलगीही आली होती. जिचा खून झाला तिच्या नवऱ्याला, बायकोच्या जागी बायको म्हणून, ती दिली गेली. तिला नाव नाही. वाक्य-दोन वाक्यांत तिचा निकाल लागतो, ती त्या घराच्या दारातून आत जाते आणि पुढे कादंबरीला तिची गरज पडत नाही.

अचेबेंना दोष देण्यात अर्थ नाही. व्यवहार रीतीला धरून होता आणि त्यांनी तो रीतसर नोंदवला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका मात्र त्या दारातून आत गेलेल्या मुलीच्या मागोमाग घरात शिरल्या. आत त्यांना जे सापडलं ते फक्त रडणं-ओरडणं नव्हतं. आत जमाखर्च मांडून ठेवलेला होता, पौंड-शिलिंगांपर्यंत चोख.

नायजेरियाच्या बुची एमेचेटा यांच्या 'द स्लेव्ह गर्ल' (१९७७) मध्ये तर सगळा मामला रोखीचा आहे. ओजेबेटा ही नवसाची पोर. तिच्या आधीच्या मुली जगल्या नव्हत्या. जन्मून पुन्हापुन्हा मरणाऱ्या मुलाला इग्बो लोक ओगबांजे म्हणतात. त्याचे पलीकडचे सोबती त्याला परत बोलावतात अशी समजूत. ते जवळ येऊ नयेत म्हणून बापाने ओजेबेटाच्या अंगावर कवड्या आणि घुंगरं बांधलेली. ती चालली की गावाला कळायचं. मग पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची इन्फ्लुएंझाची साथ येते आणि आईबाप दोघंही जातात. थोरला भाऊ ओकोली वयात आल्याच्या नाचाची तयारी करत असतो. त्याला नटायला पैसे हवेत. सात वर्षांच्या बहिणीला तो नायजर नदीकाठच्या ओनिट्शाच्या बाजारात घेऊन जातो, तिथल्या मा पालागाडा या श्रीमंत नातेवाईक बाईच्या हवाली करतो आणि आठ पौंड घेऊन परततो.

विक्रीनंतर पहिलं काम काय होतं, तर ती घुंगरं कापली जातात. पोर जगावी म्हणून बापाने बांधलेली. त्यांचा आता बाजारात आवाज नको.

ओजेबेटा हे एमेचेटांच्या आईचंच नाव. तिलाही तिच्या सख्ख्या भावाने असंच विकलं होतं. कादंबरीत ओजेबेटा मोठी होते, पळून आपल्या गावी येते, जेकब नावाच्या शिकल्यासवरल्या माणसाशी लग्न करते. तरी जुनं खातं उघडंच असतं. शेवटी मा पालागाडाचा मुलगा येतो आणि जेकब त्याच्या हातावर आठ पौंड ठेवतो. तेवढेच, पै कमी नाही की जास्त नाही. ओजेबेटा नव्या धन्याचे मनापासून आभार मानते. ब्रिटिशांनी गुलामी कधीच बेकायदा ठरवली होती, हे वाचताना आठवलं तर हसावं की रडावं कळत नाही.

हुंड्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला 'वधूमूल्य' ऐकून जरा बरं वाटतं: चला, तिथे निदान मुलीकडच्यांना पैसे मिळतात. आपल्याकडेही कित्येक जातीजमातींत 'देज' घेण्याची चाल होतीच. पण घर पैसे घेणारं असलं तरी मुलीच्या वाट्याला काय येतं, ते एमेचेटांच्या 'द ब्राइड प्राइस' (१९७६) मध्ये दिसतं. नायिकेचं नावच अकु-न्ना, म्हणजे बापाची दौलत. बाप मरतो, लागोसचं घर मोडतं, मायलेकरं इबुझा गावी काकाच्या आश्रयाला येतात. काका आईला बायको करून घेतो आणि अकु-न्नाला शाळेतून काढत नाही. उदार वाटतो ना? त्याचं गणित सरळ आहे. शिकलेल्या मुलीचं देज जास्त येतं, आणि त्या पैशात त्याला गावातली मानाची पदवी घ्यायची आहे.

अकु-न्नाचं प्रेम शाळामास्तर चिकेवर बसतं. तो गुलामांच्या वंशातला, म्हणजे कायमचा बाटलेला. दुसराच एक मुलगा तिला पळवून नेतो. पुरुषाने मुलीच्या केसांची बट कापली तरी ती त्याची झाली, असा तिथला रिवाज. ती कशीबशी सुटते, चिकेबरोबर पळते. चिकेचा बाप देज द्यायला तयार असतो, पण काका घेत नाही. देज न दिलेली मुलगी पहिल्या बाळंतपणात मरते, ही समजूत तिच्या कानावर लहानपणापासून पडलेली. ती मरतेच. डॉक्टरच्या नजरेतून पाहिलं तर कोवळं वय, अशक्त शरीर. पण इबुझात तिची गोष्ट पुढे सांगितली जाते ती दुसऱ्याच कारणासाठी, मोठ्यांनी ठरवलेला नवरा मुलींनी मुकाट पत्करावा म्हणून. मुलीच्या मरणाचाही गावाने उपयोग करून घेतला.

या कादंबरीचं पहिलं हस्तलिखित एमेचेटांच्या नवऱ्याने लंडनमध्ये जाळलं. त्या मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं.

त्यांच्याच 'सेकंड क्लास सिटिझन' (१९७४) मधली छोटी अदाह मात्र हिशोबात गडबड करते. तिला मांस आणायला पैसे दिलेले असतात. त्याच दिवसांत शाळेच्या प्रवेशपरीक्षेची फी भरायची असते, दोन शिलिंग. अदाह पैसे पुरून ठेवते आणि घरी येऊन हरवले म्हणून सांगते. चोप बसतो, बेदम. ती तो खाते. फी भरली जाते.

या पुस्तकांत खलनायक शोधायला जाल तर हाती फारसं काही लागत नाही. विकणारा भाऊ आहे, भाव वाढवणारा काका आहे, आणि बहुतेक वेळा मुलीला 'असंच असतं' हे शिकवणारी आई किंवा आत्या आहे. साम्राज्यशाहीला शिव्या घालणं त्या मानाने सोपं. म्हणूनच अशा लेखिकांवर घरचं उणं चव्हाट्यावर मांडल्याचा आरोप झाला. अमेरिकेत ॲलिस वॉकर यांच्या 'द कलर पर्पल'ला १९८३ मध्ये पुलित्झर मिळालं. १९८५ मध्ये त्यावर स्पीलबर्गचा चित्रपट आला, तेव्हा काळ्या पुरुषांची बदनामी केली म्हणून निदर्शनं झाली. आरोपात एवढं तथ्य जरूर आहे की गोऱ्या वाचकाला अशा गोष्टी जरा जास्तच आवडतात. पण त्यावर उपाय म्हणून त्या कादंबरीतल्या चौदा वर्षांच्या सेलीने गप्प बसावं, हे काही पटत नाही.

अमेरिकेत देज नाही, तरी मोल ठरतंच. टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) घडते ओहायोतल्या लोरेन गावात, १९४१च्या सुमाराला. अकरा वर्षांची पेकोला तीन सेंट घेऊन याकोबोव्स्कीच्या दुकानात जाते. तिला मेरी जेन गोळ्या हव्या आहेत. दुकानदार काउंटरवरून खाली बघतो, पण त्याची नजर तिच्यावर टेकत नाही. तिथे बघण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटत नाही. पैसे घेताना तिच्या हाताला आपला हात लागू नये म्हणून तो घुटमळतो. तीन सेंटांत नऊ गोळ्या येतात. वेष्टनावर निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या मुलीचं चित्र. पेकोला गोळी खाते तेव्हा तिच्या लेखी ती ते डोळेच खात असते.

ही केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हे. १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून चांगली कुठली, असं विचारलं होतं. बहुतेक काळ्या मुलांनीही गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. शाळांतला वर्णभेद रद्द करणाऱ्या १९५४च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. मॉरिसन यांनी ती बाहुली घरात आणली. पेकोलाची आई एका गोऱ्या कुटुंबात स्वयंपाकीण. तिथे पेकोलाच्या हातून फळांच्या गरम पक्वान्नाचा ट्रे पडतो, तिचे पाय भाजतात. आई तिलाच मारते आणि मालकाच्या रडणाऱ्या मुलीला जवळ घेऊन समजावते. पुढे बापाकडून होणाऱ्या बलात्काराचं पान भयंकर आहेच, पण स्वयंपाकघरातलं हे पानही सहज उलटत नाही.

मुलगी दरवेळी ओढूनच नेली जाते असंही नाही. न्गुगी वा थिओंगो यांच्या 'द रिव्हर बिटवीन' (१९६५) मधली मुथोनी ख्रिस्ती धर्मोपदेशकाची मुलगी. ती बापाचा विरोध मोडून स्वतःहून खतना करून घेते, कारण त्याशिवाय आपण आपल्या लोकांतली पुरती बाई होणार नाही असं तिला मनापासून वाटतं. जखम चिघळून ती मरते. तिच्या त्या इच्छेचं काय करायचं, हे मिशनलाही उमगत नाही आणि टोळीलाही नाही.

अलीकडच्या, २०२०च्या 'द गर्ल विथ द लाउडिंग व्हॉइस'मध्ये आबी दारे यांची चौदा वर्षांची अदुन्नी घरभाड्याच्या बदल्यात टॅक्सीवाल्याची तिसरी बायको होते. पळून लागोसला मोलकरीण म्हणून लागते, तर पगार दलाल खातो. पौंडांच्या जागी नायरा आले, बाकी खतावणी तीच.

राहिली ताम्बु. झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांच्या 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) ची नायिका. घरात फीचे पैसे एकाच मुलापुरते, म्हणून भाऊ न्हामो शाळेत आणि ही शेतात. मुलीला शिकवून फायदा काय, शिक्षण सासरी जाणार, हा बापाचा युक्तिवाद आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. ताम्बु बियाणं मागून घेते, पाणी भरायच्या आधी पहाटे उठून मका लावते. कणसं धरतात आणि चोरीला जाऊ लागतात. चोर न्हामोच निघतो. बहिणीचा मका तो मित्रांना वाटत असतो. शेवटी एक शिक्षक तिला कणसं विकायला उमटाली शहरात नेतात. तिथे एक गोरी बाई मुलांना राबवता म्हणून त्यांनाच झापते आणि सगळी हकिगत ऐकल्यावर द्रवून दहा पौंड देऊन जाते. कणीस न घेता. हे दहा पौंड मुख्याध्यापकांकडे जमा होतात. बाप शाळेत जाऊन ते मागतो: पोरगी माझी, तेव्हा पैसेही माझे. मुख्याध्यापक पावती दाखवतात. पावतीवर नाव ताम्बुचं.

तरी मिशनच्या मोठ्या शाळेचा रस्ता तिला मोकळा होतो तो न्हामो मेल्यावरच. त्या मृत्यूचं आपल्याला दुःख झालं नाही, हे ती पहिल्याच पानावर सांगून टाकते.

डांगारेम्ब्गांनी ताम्बुला तिथेच सोडलं नाही. २०१८च्या 'धिस मोर्नेबल बॉडी'मध्ये, जे पुढे बुकरच्या अंतिम यादीत आलं, ताम्बु हरारेत आहे. वय उतरणीला लागलेलं, चांगली नोकरी सुटलेली. कशीबशी एका मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागते. आणि एके दिवशी वर्गातल्या एका मुलीवर तिचा तोल सुटतो. ती तिला मारत राहते, मारतच राहते.