आल्याची टाळी आणि समेची दाद

माझ्या शिकवणीच्या खोलीत संध्याकाळी पाच ते सात मुलींची वर्दळ असते. तंबोरे जुळेपर्यंत ज्या चार-दोन गप्पा चालतात, त्यांना मी हरकत घेत नाही. सूर लागण्यापूर्वी जीभ मोकळी झालेली बरी. गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. तिघी-चौघी एका मोबाइलवर डोकी घालून बसल्या होत्या आणि त्यातून हशाचे लोट बाहेर पडत होते. ‘फ्रेंड्स’ नावाची ती अमेरिकन विनोदी मालिका. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे ती तिकडे चालली, आणि ज्या मुली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या त्यांना ती आज तोंडपाठ आहे! चालू प्रसंगात दार उघडले, एक देखणा गृहस्थ आत आला, आणि चित्रीकरणास बसलेल्या प्रेक्षकांनी एकच गिल्ला केला. त्यावर आमची सर्वांत धाकटी, आठवीतली मुलगी मला विचारते, “सर, हा तर अजून काही बोललाच नाही. मग लोक टाळ्या कशाला वाजवतात?”

“तंबोरा जुळव आधी,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून गेला नाही. कारण त्याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनही एकदा मी त्याच्या अगदी उलट वागलो होतो. ती कबुली शेवटी देईन, आधी उत्तर.

माझे वडील, अण्णा, होळकर दरबारात तबला वाजवीत. १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ते चाकरीस लागले आणि १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. अवघी दोन वर्षांची चाकरी; परंतु माणूस जन्मभर दरबारीच राहिला. मी त्यांचे उतारवयातले मूल, त्यामुळे मला वडील आणि आजोबा असे दोन्ही एकाच माणसात लाभले. ते सांगत, बैठकीत दाद दोन प्रकारची. एक आल्याची, दुसरी समेची. मोठा गवई आत पाऊल टाकतो तोच मंडळी ‘वाहवा’ म्हणतात. ती त्याच्या नावाला, फेट्याला आणि बिदागीच्या आकड्याला. दुसरी, गाणारा समेवर येतो तेव्हा आपोआप सुटते. ती कोणी मागत नाही आणि कोणाला आवरतही नाही. मग अण्णा तबल्यावरची धूळ झटकत म्हणत, “आल्याची टाळी उसनी असते रे. उठून जाण्यापूर्वी फेडावी लागते.”

विनोदी मालिकेत येणाऱ्या पाहुण्या नटाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे, असे मला वाटते.

मुली पाहत होत्या तो भाग नोव्हेंबर २००१ मधला. आत आलेला पाहुणा म्हणजे ब्रॅड पिट. मालिकेतली रेचेल ही भूमिका करणारी जेनिफर ॲनिस्टन ही त्या वेळी त्याची पत्नी. आदल्याच वर्षी त्यांचे लग्न झालेले. आणि त्याला भूमिका कोणती दिली? तर शाळेपासून रेचेलचा मनस्वी तिटकारा करणाऱ्या जुन्या वर्गमित्राची! तो तिच्याकडे रागाने पाहतो आणि प्रेक्षागार कोसळते. कारण पडद्यावरचा द्वेष आणि पडद्याबाहेरचा संसार हे दोन्ही सूर प्रेक्षकाच्या कानात एकाच वेळी वाजत असतात. पहिला गिल्ला त्याच्या रूपाला नि नावाला होता, हे खरे. पण पुढचा हशा त्याने कमावला. शाळेत आपण लठ्ठ होतो, आपली कुचेष्टा झाली, हे दुःख तो इतक्या पोरकट गांभीर्याने उगाळतो, की देखणा नट मागे पडून तो चिडका मुलगाच तेवढा उरतो. उसने फिटले.

मात्र यात एक मेख आहे, आणि ती माझ्या आठवीतल्या शिष्येने नेमकी पकडली. तिला हा नवरा-बायकोचा संबंध ठाऊकच नव्हता. पुढे २००५ साली ते दोघे विभक्त झाले, आता तर तो विनोद जुन्या वर्तमानपत्रासारखा आहे. त्या माहितीवाचून जेवढे हसू येते, तेवढेच पाहुण्याचे खरे.

आता थोडे मागे जाऊ. या धंद्याचा पाया ज्या मालिकेने घातला ती ‘आय लव्ह लूसी’, १९५१ ते १९५७ ची. लूसिल बॉल ही तिची नायिका. तिचा पती देसी आर्नाझ हा मूळचा क्यूबाचा, खराखुरा वाद्यवृंदवाला, आणि मालिकेतही तो वाद्यवृंदवालाच. समोर प्रेक्षक बसवायचे, तीन कॅमेरे एकदम चालवायचे आणि नाटकासारखा सलग प्रयोग फिल्मवर टिपायचा, ही पद्धत या जोडीने रूढ केली. संगीताच्या माणसाला यातली गोम चटकन कळेल. समोर माणूस हसतो आहे म्हटल्यावर नटाला थांबावे लागते. हशा ओसरण्याच्या अंमळ आधी पुढचे वाक्य टाकावे लागते. लवकर टाकले तर ते बुडते, उशिरा टाकले तर लय पडते. तबलजी गवयाचे तोंड पाहून ठेका आवरतो, तसाच हा व्यवहार.

१९५५ साली मालिकेतली ही मंडळी हॉलिवूडला गेली आणि एकामागून एक बडे नट पाहुणे म्हणून येऊ लागले. फेब्रुवारीतल्या भागात विल्यम होल्डन आला. लूसी खानावळीत त्याच्याकडे टक लावून बघते. मग तोच उलट तिच्याकडे टक लावून बसतो आणि शेवयांचा घास तिला गिळवेना की थुंकवेना. पुढे तिच्याच धांदलीने त्याच्या अंगावर पक्वान्नाचे ताट पडते. संध्याकाळी नवरा त्यालाच पाहुणा म्हणून खोलीवर आणतो. ओळख पटू नये म्हणून ती मेणासारख्या लुकणाचे खोटे नाक लावते, तो सौजन्याने तिची सिगारेट पेटवून देतो आणि नाकाचा शेंडाच पेट घेतो! या साऱ्यात होल्डन करतो काय? फार थोडे. तो सभ्यपणे बघत राहतो, चेहरा ढळू देत नाही. एवढा मोठा नट, पण त्याने ठेका धरला आणि गाणे लूसीला गाऊ दिले.

मे महिन्यात आला हार्पो मार्क्स. बोलपटांच्या जमान्यात चित्रपटात एक अक्षर न बोलता कीर्ती मिळवलेला हा विदूषक. वर हार्प हे वाद्य वाजवणारा. लूसी त्याच्यासारखाच वेष करून दारात अडकते आणि दोघे समोरासमोर येतात. आरसा आहे की माणूस, हे ताडण्यासाठी तो हात हलवतो, ही हलवते. तो उडी मारतो, ही मारते. १९३३ सालच्या ‘डक सूप’ या चित्रपटात हार्पोने असाच आरशाचा खेळ आपल्या भावाबरोबर केला होता. शब्द नाही, संवाद नाही, निव्वळ लय. अण्णांना मी तो तुकडा एकदा दाखवला होता. इंग्रजी त्यांना येत नसे आणि इथे त्याची गरजही नव्हती. सवाल-जवाब ऐकावा तसे ते पुढे सरकून बसले, मांडीवर बोटे चालू झाली, आणि हार्पोच्या अखेरच्या चलाखीने लूसी उघडी पडली तेव्हा त्यांच्या तोंडून निघाले, “आली सम!”

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरीही एक युक्ती निघाली. चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हशाची पेटीच तयार केली. तिला कळा असत आणि पायाने दाबायचा खटका असे. हाताने हशाचा प्रकार निवडायचा, म्हणजे खुदकन, खो-खो की गडगडाट. आणि पायाने तो किती वेळ टिकवायचा ते ठरवायचे. आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीची आठवण व्हावी असे हे यंत्र; फक्त सुरांऐवजी त्यातून परक्या माणसांचे हसणे निघे. समोर प्रेक्षक नसले तरी मालिकेत हशा पिकू लागला. आपल्याकडच्या कित्येक मालिकांतही तो पिकला. मालकाची मान हलली की मानकऱ्यांनी ‘वाहवा’ म्हणायचे, ही जशी दरबारांची जुनी रीत, तसलीच ही. ‘मॅश’ या युद्धकालीन इस्पितळावरच्या मालिकेच्या कर्त्यांना असला हशा नको होता. अखेर शस्त्रक्रियेच्या प्रसंगात तरी तो वाजवायचा नाही, अशी तडजोड झाली. जिथे माणूस मरतो आहे तिथे पेटी बंद ठेवावी, एवढे भान उरले म्हणायचे.

आता आपल्या अंगणात येऊ. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. लेखक शरद जोशी. हिंदीतले थोर व्यंगकार, उज्जैनचे, म्हणजे आपल्या माळव्याचेच. शुक्रवारी रात्री आमच्या वाड्यात ज्या एका घरी टीव्ही होता तिथे सारा वाडा लोटे. मी चार वर्षांचा; मला मालिकेपेक्षा मोठ्या माणसांचे हसणे अधिक आठवते. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवरा-बायको, राकेश बेदी हा मेहुणा. आणि सतीश शहा? तो म्हणे दर भागात नवाच कोणी होऊन येई. ५५ भाग, ५५ रूपे!

इथे गंमत पाहा. तिकडे पाहुणा यायचा तो आपले नाव घेऊन. इकडे हा एकच नट दर शुक्रवारी पाहुणा होऊन यायचा आणि नाव दाराबाहेर ठेवून आत शिरायचा. “आज कोण होऊन येणार?” ही वाड्याची उत्कंठा. आपल्याकडे दारोदार फिरणारे बहुरूपी असत, त्याच जातीची ही कला; ओळख पटल्याचा आनंद आणि फसल्याचा आनंद एकत्रच. उंबऱ्यावर बसून पाहणाऱ्या अण्णांनी त्याच्याविषयी म्हटलेले मला पुढे आईने सांगितले: “हा पाहुणा नव्हे, हा ठेक्यातला माणूस आहे.” २०२५ च्या ऑक्टोबरात सतीश शहा गेले, तेव्हा मला पहिल्यांदा ते वाक्य आठवले. आल्याची टाळी त्यांनी कधी उसनी घेतलीच नाही. सारी दाद रोखीची.

आता कबुली. सात वर्षांपूर्वी माझ्या वर्गाच्या गुरुपौर्णिमेला मी दूरदर्शनच्या गायनस्पर्धेमुळे घरोघरी ठाऊक झालेल्या एका गायकाला बोलावले. सभागृह भरावे, वर्गाचे नाव व्हावे, हा हेतू. तो लपवण्यात अर्थ नाही. माझी एक शिष्या त्या दिवशी मारवा गाणार होती. दोन वर्षे तिने तो राग घासला होता. मारवा हा दिवस मावळतानाचा राग. त्याची वेळ टळली की त्याचे अर्धे मन जाते. ती तंबोरा मांडून बसली, इतक्यात निरोप आला की पाहुणे वाटेत आहेत, पोचतीलच. लोक दाराकडे माना वळवून बसलेले. मी तिला म्हणालो, “थांब जरा, आधी ते होऊ दे.”

पाहुणे दीड तासाने आले. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. ते दोन गाणी म्हणून, छायाचित्रे काढून गेले, आणि त्यांच्याबरोबर सभागृहही गेले. नऊ वाजता ती गायला बसली तेव्हा समोर अकरा माणसे होती, मी मोजली. मारव्याची वेळ केव्हाच सरली होती. “दुसरे काही म्हण,” असे मीच तिला सांगितले. ती कशीबशी एक बंदिश म्हणून उठली. माझ्या पाया पडली, आणि पुढच्या महिन्यापासून वर्गाला आली नाही.

अण्णा तेव्हा हयात होते. घरी आल्यावर काही बोलले नाहीत. झोपताना एवढेच म्हणाले, “पाहुण्याची टाळी पाहुण्याने फेडली असेल-नसेल. तुझी राहिली.”

त्या गायकाचा यात काही दोष नाही. त्याला जे करायला बोलावले ते त्याने केले. दोष बोलावणाऱ्याचा. होल्डनला बोलावणाऱ्यांना ठाऊक होते की गाणे लूसीचे आहे. मला ते ठाऊक असूनही मी विसरलो.

परवा मी त्या आठवीतल्या मुलीला उत्तर दिले. म्हटले, “बाळ, लोक तो आला म्हणून टाळ्या वाजवतात. तो गेल्यावर काय उरते ते बघायचे.” तिने मान डोलावली आणि लगेच विचारले, “मग आपल्या गुरुपौर्णिमेला यंदा कोण येणार?”

ती माझी जुनी शिष्या आता देवासला असते, तिथे लहान मुलांना गाणे शिकवते असे कळले. मी तिला पत्र घातले आहे. लिहिले आहे की यंदा पाहुणी तू. सूर्य मावळताना मारवा गायचा, आधी कोणी नाही, नंतर कोणी नाही, आणि मागे तंबोऱ्यावर मी बसेन. उत्तर अजून आलेले नाही. तंबोरा मात्र मी रोज जुळवून ठेवतो.