वामनाची पेटी आणि पानशेतची मोरी

वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम १९६२ मध्ये संपायचे होते, पण पाणी अडवले गेले १९६१ च्याच पावसाळ्यात. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी जी मोरी काढली होती, तिच्या दारांचे काम अपुरे होते आणि काँक्रीटमध्ये लोखंडी सळया नव्हत्या. अर्धवट दारांखालून सुसाटणाऱ्या पाण्याने मोरीला हादरे बसू लागले, तिच्यावरची माती खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैला सकाळी धरण फुटले. खालचे खडकवासला धरणही त्याच दिवशी फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या.

पानशेतची ही घाई मला विज्ञानकथांत पुन्हा भेटते. विज्ञानकथा म्हणजे यंत्रांविषयीची भीती, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला (१८१८) तरुण संशोधक एका देहात प्राण ओततो आणि तो डोळे उघडताच घाबरून पळून जातो. पुढचा सारा संहार त्या पळण्यातून घडतो. निर्मितीची ईर्ष्या होती, पण तिचे पुढे काय करायचे याचा विचारच नव्हता.

मराठीत हा धागा सर्वांत नेमका पकडला तो जयंत नारळीकरांनी. ‘वामन परत न आला’ या १९८६ च्या कादंबरीत जमिनीखाली एक पेटी सापडते. नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीचे ज्ञान तिच्यात साठवलेले असते. त्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो, आणि आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची ताकद त्याच्यात असते. ती संस्कृती कशाने संपली, हे मात्र नंतर उलगडते. कृती हाती आली, इशारा मागाहून आला. कादंबरीतला हा क्रम मला वामनापेक्षाही भयंकर वाटतो, कारण पानशेतलाही तोच होता: आधी पाणी, मग दारे.

शेजारच्या भोर तालुक्यात याचे उत्तर उभे आहे. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्याचे ४५ दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीला पोचले की त्याच्याच जोरावर दार उचलले जाते, पातळी उतरली की मिटते. तिथे वीज लागत नाही की कुणाचा हुकूम. यंत्रावर सारे सोपवले आहे, पण यंत्राने थांबायचे कुठे हे आधी ठरवून. त्यामुळे यंत्राला स्वायत्तता देऊच नये, असे विज्ञानकथेच्या नावाने सांगणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली रुग्णालयांत, बँकांत, शाळांत शिरत आहेत. बंद कशा करायच्या, चुकल्या तर कोण जबाबदार, हे ठरण्याआधीच त्या वापरात येतात. पानशेतसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आणि ज्यांची घरे बुडाली त्या पेठांतल्या लोकांना, पाणी कधी अडवायचे हे कुणी विचारले नव्हते. आताही निर्णय घेणारे वेगळे आणि परिणाम सोसणारे वेगळेच आहेत.

भोर-वेल्ह्यातल्या शाळांनी नववी-दहावीच्या मुलांना नारळीकरांची ही कादंबरी वाचायला द्यावी, आणि त्याच आठवड्यात त्यांना पानशेत आणि भाटघर दाखवून आणावे. मोरी कुठे होती आणि दरवाजे कसे चालतात, हे तिथल्या अभियंत्यांनी मुलांना समजावून सांगावे.