घरच्या घरी मोशन कॅप्चर: कॅमेरा मोजतो किती आणि अंदाज बांधतो किती?

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ब्लेंडरमध्ये कॅरेक्टर तर बनवलं, पण ते चालवायचं कसं? हाताने की-फ्रेम टाकत बसलं की एका चालीत दोन रविवार जातात आणि शेवटी पात्र रोबोटसारखंच चालतं. मोशन कॅप्चरचा स्टुडिओ आपल्या खिशाला परवडणारा नाही. मग घरी काही जमतं का?

जमतं. पण मी त्यात एक चूक केली, ती आधी सांगतो, कारण आजचा सगळा भाग तिच्यावरच उभा आहे.

माझी आजी सांगलीजवळच्या गावी असते. तिचा उजवा गुडघा गेली काही वर्षं दुखतो. त्या पायावर ती भार जेमतेम क्षणभर टाकते, कमरेतून किंचित कलते आणि पाऊल उचलताना चप्पल जमिनीवर घासते. अंगणातून ती येतेय हे आम्हाला न बघता कळतं. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ते व्हावं, ती बरी व्हावी, हे तर आहेच. पण ही चाल त्यानंतर राहणार नव्हती. मी एक छोटी फिल्म करतोय, तिच्यातली म्हातारी अशीच चालायला हवी होती. म्हणून ऑपरेशनच्या आधी दोन दिवस सुट्टी काढून गावी गेलो.

आता मूळ विषय. मोशन कॅप्चर म्हणजे शरीराचे सांधे प्रत्येक क्षणी कुठे आहेत ते नोंदवून ती हालचाल पात्राच्या सांगाड्याला देणं. कल्पना जुनी आहे. मॅक्स फ्लाइशरने रोटोस्कोपचं पेटंट १९१७ साली मिळवलं. आधी खऱ्या माणसाचं चित्रण करायचं आणि मग त्यावरून एकेक चित्र गिरवायचं. आज गिरवण्याचं काम कॉम्प्युटर करतो, एवढंच.

घरच्यासाठी साधारण तीन रस्ते आहेत.

पहिला, डेप्थ कॅमेरा. २०१० साली आलेल्या किनेक्टने हौशी लोकांना हे दार उघडून दिलं. तो इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी समोर टाकायचा आणि ती कशी वाकते त्यावरून अंतर काढायचा. आता तो फक्त जुन्या बाजारात मिळतो.

दुसरा, अंगावर बांधायचे सेन्सर. सोनीचा मोकोपी हा ६ छोट्या सेन्सरचा संच आहे, आणि स्लाइमव्हीआरचं डिझाइन तर खुलं आहे, सोल्डरिंग येत असेल तर घरी बनवता येतं. यात कॅमेऱ्याची गरज नाही, अंधारातही चालतं. पण हे सेन्सर सांधा किती फिरला ते सांगतात, माणूस खोलीत कुठे उभा आहे ते थेट सांगत नाहीत. ते प्रवेगावरून काढावं लागतं आणि त्यात चूक साठत जाते. म्हणून पात्र हळूहळू वाहवत जातं. याला ड्रिफ्ट म्हणतात.

तिसरा, साधा व्हिडिओ. हाच बहुतेकांना परवडतो, कारण फोन सगळ्यांकडे आहे. गूगलचं मीडियापाइप व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं. मीही इथूनच सुरुवात केली. एक फोन, एक व्हिडिओ.

इथे पहिली अडचण. एका कॅमेऱ्याला खोली दिसत नाही. हात बाजूला गेला तर चित्रात लगेच कळतं, पण तोच हात थेट लेन्सच्या दिशेने पुढे आला तर चित्रात फारसा फरकच पडत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं? अंदाज बांधतं. आणि तो अंदाज येतो शिकताना पाहिलेल्या असंख्य माणसांवरून. म्हणजे जिथे दिसत नाही तिथे ते सर्वसाधारण माणसाचं शरीर भरतं.

आजी गोल साडीत चालली, तर गुडघे दिसतच नव्हते. व्हिडिओवरून तयार झालेली आकृती मी तिला लॅपटॉपवर दाखवली. ती म्हणाली, “ही कोण रं? ही तर तरणीताठी बाई दिसतीया.”

बरोबर होतं तिचं. लंगडणं जवळपास गायब होतं.

मग दुसऱ्या दिवशी तीन फोन लावले. माझा, बहिणीचा आणि बाबांचा. दोन कॅमेऱ्यांना एकच बिंदू वेगवेगळ्या कोनांतून दिसला की त्याची जागा भूमितीने काढता येते. दोन रेषा जिथे मिळतात तिथे तो बिंदू. हा अंदाज नव्हे, मोजमाप. तीन फोन यासाठी की एकाला गुडघा दिसला नाही तरी उरलेल्या दोघांना दिसावा. यासाठी फ्रीमोकॅप नावाचं मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते बिंदू शोधतं, तीन दिशा जोडतं आणि डेटा ब्लेंडरमध्ये नेता येतो.

करताना या गोष्टी सांभाळा:

कॅलिब्रेशन. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची खास नक्षी असलेली प्रिंट काढा आणि ताठ पुठ्ठ्यावर अजिबात सुरकुती न पडता चिकटवा. ती सगळ्या कॅमेऱ्यांसमोर फिरवली की कोणता कॅमेरा कुठे आहे ते सॉफ्टवेअरला कळतं. त्यानंतर फोन हलवायचा नाही. आमच्याकडे नेमका बाबांच्या फोनवर कॉल आला आणि त्यांनी तो सवयीने उचलला. सगळं पुन्हा. तेव्हा फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका.

वेळ जुळवणं. सुरुवातीला सगळ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा आणि त्या क्षणावर तिन्ही व्हिडिओ जुळवा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. सेकंदाला दीड मीटर वेगाने हलणारा हात तेवढ्यात ५ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे एका फ्रेमची गफलत झाली तरी कोपर ५ सेंटिमीटर चुकलं. शक्य असेल तर ६० फ्रेमने घ्या. आणखी एक, बरेच फोन फ्रेमचा वेग मध्येच कमी-जास्त करतात. एफएफएमपेगने सगळे व्हिडिओ आधी एकसारख्या वेगावर आणा, नाहीतर सुरुवातीला जुळलेले व्हिडिओ शेवटी सुटतात.

उजेड. संध्याकाळी कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हात फरफटल्यासारखा दिसतो. सकाळी, सावलीत घ्या.

कपडे. सांधे दिसायला हवेत. मी आजीला ताईचा पंजाबी ड्रेस घालशील का विचारलं, तर ती हसली आणि पेटीतली नऊवारी काढून काष्टा घालून आली. भातलावणीला जाताना नेसायची तशी, पोटऱ्या मोकळ्या. दोन पाय वेगळे दिसायला लागले, गुडघा कुठे वाकतो तेही कळायला लागलं. त्या दोन दिवसांतली सगळ्यात उपयोगी तांत्रिक सुधारणा आजीने केली.

आता डेटा चांगला आला. आणि इथे मी दुसऱ्यांदा तीच चूक केली.

कच्चा डेटा थरथरतो. म्हणून त्यावर लो-पास फिल्टर लावतात, म्हणजे हळू होणारे बदल ठेवायचे आणि झटपट होणारे गाळायचे. चालण्याच्या अभ्यासात साधारण ६ हर्ट्झच्या आसपासची मर्यादा बऱ्याचदा वापरतात. मी ३ वर आणली, कारण आलेख सुंदर दिसत होता. पण दुखऱ्या पायावरून झटकन भार काढणं ही झटपट हालचालच आहे! ती थरथरीसोबत गाळली गेली.

वर फूट-लॉक लावलं. घरच्या कॅप्चरमध्ये पात्राचे पाय बर्फावर असल्यासारखे घसरतात, हा नेहमीचा दोष. म्हणून पाय जमिनीजवळ आला की त्याला तिथेच खिळवून टाकायचं. बहुतेक वेळा हे योग्यच आहे. पण आजीचं पाऊल खरोखरच घासतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो दोष होता, त्याने तो दुरुस्त केला.

मग मी मूळ व्हिडिओ शेजारी लावला आणि फ्रेम-फ्रेम बघत गेलो. फिल्टर ६ वर आणला. डावा पाय आपोआप लॉक होऊ दिला, उजवा ग्राफ एडिटरमध्ये हाताने केला. टेकला ती फ्रेम, घासायला लागला ती फ्रेम, उचलला ती फ्रेम. आठ पावलांना एक अख्खी संध्याकाळ लागली. पूर्ण हाताने केलं असतं तर महिना लागला असता आणि तरी जमलं नसतं.

तर तुम्ही सुरुवात करणार असाल तर माझा सल्ला साधा आहे. आधी एका फोनने करून बघा. कॅमेऱ्यासमोर आडवं चालणं, हात हलवणं, मान डोलावणं यासाठी ते पुरतं. माणूस वळत असेल, बसत असेल, कॅमेऱ्याकडे येत असेल तर दोन-तीन फोन लावा. माझा खर्च फोनचे दोन स्टँड आणि एक प्रिंट एवढाच झाला. आणि नुसती सर्वसाधारण चाल हवी असेल तर इतकं करूच नका. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोशन कॅप्चर संग्रह मोफत आहे, तिथून घ्या. घरी कॅप्चर करायचं ते त्या संग्रहात नसलेल्या माणसासाठी. आणि तसं असेल तर प्रत्येक बटण दाबण्याआधी एकदा स्वतःला विचारा, हे मी चूक पुसतोय की माणूस?

आजीचं ऑपरेशन नीट झालं. आता ती वॉकर सोडून चालते आणि येताना आवाज येत नाही. गेल्या आठवड्यात तिला पुन्हा तीच आकृती दाखवली, अजून चेहरा नाही, साडी नाही, नुसता काड्यांचा सांगाडा. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “किती वढत हुते रं मी पाय.”

फाइल दोन ठिकाणी कॉपी करून ठेवली आहे.

पुढच्या भागात हा सांगाडा पात्राला कसा जोडायचा, म्हणजे रीटार्गेटिंग, त्यावर बोलू. तोवर टाळी वाजवायला विसरू नका. भेटूया!