इम्प्लांटचा दात दुखत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. खालचं हाड झिजत असू शकतं

बोळिंज (विरार) : पडलेल्या दाताच्या जागी स्क्रूचा दात, म्हणजेच इम्प्लांट, बसवण्यासाठी आता मुंबईच गाठावी लागते असं नाही. बोळिंज-विरार भागातही हे काम होतं. एका दाताला हजारो रुपये मोजल्यावर आयुष्यभराची चिंता मिटली, असं अनेकांना वाटतं. हा दात किडत नाही हे खरं. पण तो ज्या हाडात रोवलेला असतो, ते हाड झिजू शकतं. या आजाराचं नाव पेरी-इम्प्लांटायटिस.

हाड का झिजतं?

टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी शोधलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. मात्र नैसर्गिक दाताभोवती जे धाग्यांचं आवरण असतं, ते इम्प्लांटला नसतं. हिरडीच्या कडेला घाण साचली की जंतू खाली उतरतात, सूज येते आणि हाड विरघळू लागतं. कॅप बसवताना हिरडीखाली राहिलेलं सिमेंटही त्रास देतं.

पावसात कुंपणाच्या खांबाभोवतीची माती धुपते, पण बुंधा रुतलेला असल्याने खांब हलत नाही. इथेही तसंच होतं. दात हलायला लागेपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं.

भरलेलं हाड कच्चं असतं का?

दात काढल्यावर जबड्याचं हाड आटतं. मग तिथे स्वतःचंच हाड किंवा तयार पावडर भरतात. याला बोन ग्राफ्ट म्हणतात. ते मुरायला काही महिने लागतात. नीट मुरलेल्या ग्राफ्टमधले इम्प्लांटही वर्षानुवर्षे टिकतात. पण घाण साचली तर जंतू भरलेलं हाड सोडत नाहीत आणि मूळ हाडही सोडत नाहीत. त्यामुळे काळजी दोन्हीकडे सारखीच घ्यावी लागते.

धोका कुणाला जास्त?

• आधी हिरड्यांच्या आजाराने दात गेलेले
• विडी-सिगारेट ओढणारे
• साखर ताब्यात नसलेले मधुमेही
• बसवल्यानंतर तपासणीला न जाणारे

मिश्री, तंबाखू, गुटखाही हिरड्यांना घातकच.

ही लक्षणं ओळखा

ब्रश करताना रक्त, हिरडीला सूज, दाबल्यावर पू, तोंडाला वास, स्क्रू उघडा दिसणं. दुखेलच असं नाही. फक्त हिरडी सुजलेली असताना नीट सफाई केली तर आजार परतवता येतो. हाड गेल्यावर मात्र हिरडी उघडून सफाई करावी लागू शकते, आणि गेलेलं हाड पूर्ण भरून येईलच याची खात्री नसते. मेडिकलमधून गोळ्या आणून हा आजार बरा होत नाही.

एवढं नक्की करा

कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे डॉक्टरांकडून मागून घ्या आणि मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या एक्स-रेशी तो ताडून पाहिला, तरच हाड किती उतरलं ते कळतं. पहिल्या वर्षात थोडी झीज होतेच. २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाली तर ती आजाराची खूण मानतात. सोबत इम्प्लांटच्या कंपनीचं नाव आणि मापही लिहून घ्या.

रोज दोनदा ब्रश, फटीत छोटा ब्रश आणि सहा महिन्यांनी तपासणी ठेवा. दुसरं मत हवं असेल तर विरार लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून नायर दंत रुग्णालयात जाता येतं. जाताना जुना एक्स-रे सोबत न्या.