काशीनरेशांची इंग्लंडांतील विहीर

आपल्या धर्मशास्त्रांत पुण्यकर्माचे दोन भाग केलेले आहेत. यज्ञयाग, होमहवन हें इष्ट. आणि विहिरी, तळीं, देवालयें, अन्नसत्रें, बागा यांची लोकांसाठीं केलेली स्थापना हें पूर्त. दोहोंचा मिळून शब्द झाला इष्टापूर्त. इष्टाचें फळ यजमानाच्या पदरीं पडतें. पूर्ताचा लाभ ज्याला तहान लागते त्याला होतो. हा विचार वाचकांस नवा नाहीं. परंतु याच पूर्तधर्माचें एक ठळक उदाहरण इंग्लंडांतल्या एका आडबाजूच्या खेड्यांत एकशें साठ वर्षांहून अधिक काळ उभें आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. इंग्रजांनीं या देशांत कालवे काढले, पूल बांधले, हें आपण शाळेंत शिकलों. काशीच्या राजानें इंग्लंडांतील खेडुतांना पाणी दिलें, हा धडा मात्र निदान माझ्या पाहण्यांतल्या क्रमिक पुस्तकांत कधीं आला नाहीं.

त्या गांवाचें नांव स्टोक रो. ऑक्सफर्डशायर परगण्यांत, टेम्स नदीच्या कांठच्या हेन्ले गांवापासून पश्चिमेस पांचसहा मैलांवर, चिल्टर्न नांवाच्या डोंगराळ मुलखांत तें वसलें आहे. डोंगर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढें सह्याद्रि उभा राहतो. तसें तेथें कांहीं नाहीं. हे डोंगर म्हणजे बीच वृक्षांच्या राईंनीं झांकलेल्या, सावकाश चढत गेलेल्या टेकड्या होत. पाऊसहि तेथें बेताचा पण बारमाही पडतो. मग अशा हिरव्यागार ठिकाणीं पाण्याचा दुष्काळ कां असावा? याचें उत्तर जमिनीच्या पोटांत आहे. चिल्टर्नचा गाभा आहे खडूच्या दगडाचा. शाळेच्या फळ्यावर आपण ज्यानें लिहितों त्याला नांव मिळालें तें याच दगडावरून. हा दगड सच्छिद्र आणि भेगाळ असल्यामुळें पावसाचें पाणी वर ठरत नाहीं. तें झिरपत झिरपत शेंकडों फूट खालीं जातें आणि डोंगराच्या पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. म्हणून पायथ्याच्या गांवांना पाणी मुबलक आणि माथ्यावरच्या वस्तीला घोटभर पाण्याची वाण, असा तेथला निसर्गाचा न्याय होता.

माथ्यावरची ही वस्ती फार दिवस स्वतंत्र गांव म्हणून गणलीच जात नव्हती. त्या भागांतील जुन्या धर्मगांवांच्या हद्दी नदीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत लांबट पट्ट्यांसारख्या आंखलेल्या होत्या. खालीं गवताळ कुरण, मध्यें शेत, वर रान, असें प्रत्येकाच्या वांट्याला थोडथोडें यावें हा त्यांतला हेतु. परंतु त्यामुळें देऊळ, धर्मगुरु, जमीनदार हे सारे खालीं, आणि वरच्या रानांतले लोक पट्ट्यांच्या शेंड्याला टांगलेले, अशी स्थिति झाली. इ.स. १८४६ ते १८४८ या काळांत स्टोक रो येथें गारगोट्यांच्या भिंतींचें चर्च उभें राहिलें, तेव्हां कोठें या लोकांना आपल्यांतच एकत्र जमण्याची जागा मिळाली.

लोक गरीब आणि कष्टाळू होते. कोणी शेतमजूर, कोणी वीटभट्टीवर राबणारे, कोणी रानांत मांडव घालून बीचच्या लांकडाचे खुर्चीचे पाय कातणारे. हे पाय गाड्या भरभरून वायकमच्या कारखान्यांकडे जात. या सगळ्यांच्या घरीं पाणी म्हणजे माती काढून झालेल्या खड्ड्यांत साठलेलें गढूळ पाणी, किंवा छपरावरून हौदांत धरलेलें पावसाचें पाणी. तें एकदां वापरून टाकून देण्याची चैन कोणाला परवडत नसे. ज्यांत अन्न शिजवावें तेंच पुढें धुण्याला, असा क्रम चाले. उन्हाळा लांबला आणि खड्डे आटले म्हणजे कित्येक मैल चालून पायथ्याहून पाणी आणावें लागे. आणि हें काम, जगांत सर्वत्र होतें तसें, बायकांच्या आणि मुलांच्याच डोक्यावर पडे.

या टेकड्यांच्या पायथ्याशीं इप्सडेन नांवाचें गांव आहे. तेथील रीड घराण्यांतला एडवर्ड अँडरडन रीड हा मुलगा पुढें कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. त्याचा भाऊ चार्ल्स रीड कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध आहे. एडवर्ड रीड वायव्य प्रांतांत मोठमोठ्या हुद्यांवर चढला. इ.स. १८५७ च्या सप्टेंबरांत लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन आग्र्यास वारला, तेव्हां प्रांताचा कारभार कांहीं काळ याच्याच हातीं होता. परंतु आपल्या कथेला लागणारी गोष्ट त्याच्या तरुणपणींची आहे. इ.स. १८३१ मध्यें त्यानें आझमगड येथें लोकांसाठीं एक विहीर खणविली होती.

काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह हे इ.स. १८३५ पासून १८८९ पर्यंत गादीवर होते. रीडचा त्यांच्याशीं स्नेह होता. गोष्टी निघाल्या असतां रीडनें त्यांना आपल्या मायदेशाची एक हकीकत सांगितली. अवर्षणाच्या दिवसांत त्याच्या गांवाकडे एका लहान मुलाला आईनें मारलें. मुलाचा अपराध एवढाच कीं, घरांत उरलेलें शेवटचें पाणी तो पिऊन गेला होता. विलायत म्हणजे संपत्तीचें आगर, असें ज्याच्या मनांत असेल त्या ऐकणाऱ्याला ही हकीकत खरी वाटणें कठीण. महाराजांना ती खरी वाटली आणि ती त्यांच्या मनांत राहिली. तहानेनें घसा कोरडा पडणें काय असतें हें गंगेच्या तीरावर राहणाऱ्या राजालाहि समजत होतें; कारण त्याची प्रजा कांहीं सर्वच गंगातीरीं राहत नव्हती. आईच्या हाताला लागलेली ती क्रूरता तिची नसून आटलेल्या खड्ड्याची आहे, हेंहि त्यांनीं ओळखलें असावें.

रीड इ.स. १८६० मध्यें निवृत्त होऊन स्वदेशीं परतला. दोन वर्षांनीं महाराजांनीं त्याच्या मुलखांत लोकोपयोगी दान करण्याची इच्छा दर्शविली, आणि रीडनें सुचविलें तें स्टोक रो. इ.स. १८६३ च्या मार्चच्या दहा तारखेला, म्हणजे युवराज एडवर्डच्या विवाहाच्या दिवशीं, खोदाईस प्रारंभ झाला. आणि १८६४ च्या मेच्या चोवीस तारखेस, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशीं, विहीर लोकांना खुली झाली. या चौदा महिन्यांतलें काम कसें झालें असेल याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. विहिरीचा व्यास अवघा चार फूट आणि खोली ३६८ फूट, आपल्या हिशेबानें सुमारें अडीचशें हात. दिल्लीचा कुतुबमिनार तीत उलटा घातला तरी त्याच्या खालीं शेंसव्वाशें फूट जागा उरेल. सगळी खोदाई माणसांच्या हातांनीं झाली. एवढ्याशा गोल बिळांत, दिव्याच्या उजेडांत, कोंडलेल्या हवेंत मजुरानें खोदावें आणि तोडलेला खडू दोरानें वर जावा, असें हें महिनोन् महिने चाललें होतें. खर्च आला सुमारें साडेतीनशें पौंड. राजाचें द्रव्य आणि मजुरांचें धाडस मिळून ती विहीर झालेली आहे. दात्याचें नांव घेतांना खणणाऱ्यांचें स्मरण सुटूं नये.

वर लोखंडी खांबांवर तोललेला घुमट आणि खालीं रहाटाचें यंत्र. यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर नांवाच्या कारखानदारांनीं केलें. यंत्रावर सोनेरी रंगाचा एक हत्ती बसविलेला आहे. बीचच्या रानांत अकस्मात् हा घुमट आणि हा हत्ती दिसला म्हणजे प्रवासी क्षणभर थबकतो. एक बादली वर येण्यास दहाएक मिनिटें रहाट फिरवावा लागे. परंतु येणारें पाणी खडूंतून गाळून निघालेलें, निर्मळ आणि न आटणारें होतें.

येथवर झालें तें दान. मला या कथेंत अधिक महत्त्वाची वाटते ती त्यापुढची व्यवस्था. विहीर बांधून, शिलालेख लावून दाते मोकळे होतात, आणि दहा वर्षांत दोर तुटतो, कठडा ढांसळतो, पाण्यावर शेवाळ चढतें, हें आपण आपल्या देशांत हजार ठिकाणीं पाहिलें आहे. स्टोक रोला तसें झालें नाहीं. पाणी सर्वांना कायमचें विनामूल्य, अशी दानाची अट होती. मग राखणदाराचा आणि दुरुस्तीचा खर्च कोठून यावा? त्यासाठीं विहिरीलगत जमीन घेऊन तिच्यांत चेरीच्या फळझाडांची बाग लावण्यांत आली आणि तिचें नांव ठेविलें ‘ईश्वरी बाग’. फळें विकून येणारें उत्पन्न विहिरीच्या रक्षणासाठीं. बागेंत एक तळें केलें तें माशाच्या आकाराचें, कारण मत्स्य हें काशीच्या राजघराण्याचें चिन्ह. राखणदाराला राहण्यासाठीं छोटेंसें घर बांधलें, त्याला सुमारें पंचाहत्तर पौंड लागले. आणि सर्वांवर देखरेख करण्यास विश्वस्त नेमले. रीडनें यांत जातीनें लक्ष घातलें. कूप आणि आराम, विहीर आणि बाग, यांची आपल्या पूर्तधर्मांत जोडी सांगितली आहे. येथें एकीनें दुसरीचें पोषण करावें अशी सोय केली होती. दानाला वर्षासन जोडण्याची आपली जुनी रीतच ती, फक्त चेरीच्या रूपानें.

त्यानंतर विहीर हेंच गांवाचें हृदय झालें. चर्चमध्यें आठवड्यांतून एकदां जाणें होई, विहिरीवर रोज. रहाट फिरेपर्यंतचीं तीं दहा मिनिटें म्हणजे सुखदुःखाच्या गोष्टींना मिळालेला अवकाश. पाणवठ्याचें हें माहात्म्य आपल्या घरांतील वडील स्त्रियांस सांगावयास नको. महाराजांनींहि गांवाला विसरूं दिलें नाहीं. इ.स. १८८२ मध्यें राणीवर गोळी झाडली गेली व ती बचावली, तेव्हां त्यांनीं त्या आनंदाप्रीत्यर्थ गांवकऱ्यांना मेजवानी दिली.

येथें एक प्रश्न विचारावाच लागतो. सत्तावन सालीं महाराजांनीं इंग्रजांचा पक्ष धरला होता. युवराजाच्या लग्नाचा मुहूर्त, राणीचा वाढदिवस, राणीच्या सुटकेची मेजवानी, हें सगळें पाहतां या दानांत राजनिष्ठेचा देखावा नव्हता असें कोण म्हणेल? देखावा होता. आपल्याच देशांत कोरड पडलेलीं गांवें असतां विलायतेंत विहीर कशाला, असेंहि कोणी म्हणेल, आणि तें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु दात्याचा हेतु शुद्ध ठरेपर्यंत तहानलेल्यानें थांबावें असा कांहीं नियम नाहीं. राजाची मर्जी राखण्यासाठीं लंडनांत संगमरवरी पुतळा उभारतां आला असता. त्याऐवजीं, ज्यांच्याकडून राजाला कसलीहि परतफेड मिळण्यासारखी नव्हती अशा खुर्चीचे पाय कातणाऱ्यांच्या बायकांना पाणी मिळालें. आझमगडच्या विहिरीचें ऋण अशा रीतीनें फिटलें, आणि तें फेडतांना जेते कोण व जित कोण हा भेद निदान त्या रहाटापाशीं उरला नाहीं.

‘सर्वांना’ हा त्या अटींतला शब्द आपण विशेष लक्षांत ठेवावा. पूर्तधर्माचे गोडवे गाणाऱ्या आपल्या समाजानें विहिरी खणल्या, पण त्यांवर कोणी यावें आणि कोणी येऊं नये याच्या भिंतीहि घातल्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं झाला. तरीहि १९२७ च्या मार्चच्या वीस तारखेला डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारों माणसें घेऊन जावें लागलें, आणि त्याचा दावा हायकोर्टांत निकालांत निघण्यास १९३७ साल उजाडलें. परक्या देशांतील अनोळखी तोंडाला पाणी देणारी बुद्धि आपल्यांत होती. शेजारच्या वाड्यांतल्या तोंडाला नाहीं म्हणणारी बुद्धिहि आपलीच. ज्या पूर्तांतून कोणी वगळला गेला तें पूर्त अपुरेंच, हें मान्य करण्यास आपण कचरूं नये.

स्टोक रोची विहीर सत्तर वर्षांहून अधिक काळ गांवाच्या उपयोगीं पडली. पुढें नळाचें पाणी आलें आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रहाट थांबला. काम संपलें म्हणजे वस्तु अडगळींत जाते. परंतु गांवानें ही विहीर टाकली नाहीं. इ.स. १९६१ मध्यें एलिझाबेथ राणी हिंदुस्थानांत आली असतां तिला या विहिरीची लहान प्रतिकृति भेट देण्यांत आली. इ.स. १९६४ च्या एप्रिलांत विहिरीची शताब्दी साजरी झाली, तिला राणीचे पति प्रिन्स फिलिप उपस्थित होते, आणि काशीहून आणलेलें गंगोदक विहिरीच्या पाण्यांत मिसळण्यांत आलें. दात्यांचें राज्य १९४९ मध्यें भारतीय संघराज्यांत विलीन झालें होतें. साम्राज्यहि मावळलें होतें. दोन्ही सिंहासनें गेल्यावर राहिलें तें खेडें, आणि त्या खेड्यानें राखलेली कृतज्ञता. आज विश्वस्त ती जागा सांभाळतात आणि घुमटाखालचा हत्ती अजून चकाकतो.

आपल्याकडेहि बारवा आहेत, घाट आहेत, पाणपोया आहेत. अनेक घराण्यांच्या पूर्वजांनीं त्या बांधल्या आणि कोनशिलेवर त्यांचीं नांवेंहि आहेत. त्या नांवांचा अभिमान धरणें सोपें आहे. आपल्या घराण्याच्या बारवेंतला गाळ शेवटचा कोणी आणि कधीं काढला, हें प्रत्येकानें एकदां आपल्या घरीं विचारून पाहावें. पूर्वजांचें पुण्य त्या उत्तरावर अवलंबून आहे.