पेचकस घ्या, पण थांबणारा!

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरी दरवर्षी एक समारंभच असतो. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, कपाटांच्या पोटांतून विसरलेल्या वस्तू बाहेर येतात, आणि 'एकदा दुरुस्त करून ठेवायला हवं' असे ज्यांच्याविषयी वर्षभर म्हटलेले असते, अशा चिजांचा एक ढीग बाहेरच्या खोलीत जमतो. गेल्या वर्षी त्या ढिगात वडिलांचा जुना, खिशात मावणारा ट्रान्झिस्टर होता. आवाजाचे चाक फिरवले की तो खरखरत असे. चार स्क्रू काढायचे, आतली धूळ झटकायची आणि चार स्क्रू पुन्हा लावायचे, मामला एवढाच. शिवाय घरात नुकताच विजेचा पेचकस आला होता. नव्या आयुधाला शत्रू हवाच असतो!

हे आयुध पिस्तुलाच्या घाटाचे होते. दुकानात मांडलेल्या सर्वांत तेच भक्कम दिसले, म्हणून मी ते घेतले होते. पहिले तीन स्क्रू भर्रकन निघाले. चौथ्यावर टोक घसरले, 'कर्रर्र' असा आवाज झाला, आणि खाचेच्या जागी एक चकचकीत खळगा तेवढा उरला. तो स्क्रू अखेर आमच्या गल्लीतल्या घड्याळजींनी काढून दिला. एवढ्यावर मी शहाणा व्हावे की नाही? पण घरी येऊन स्क्रू लावायला मी पुन्हा तेच यंत्र हाती घेतले. स्क्रू टेकला, आणि मी बटणावरचे बोट उचलण्याच्या आत आतून 'टक्' असा आवाज आला. ज्यात स्क्रू बसतो तो प्लॅस्टिकचा खुंट उभा चिरला होता.

वडील समोरच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. उठले, टेबलाच्या खणातून एक रबरबँड काढला, ट्रान्झिस्टरभोवती गुंडाळला आणि तो कानाशी धरून गॅलरीत जाऊन बसले. ते रागावले असते तर बरे, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घड्याळजींच्या टपरीवर. त्यांनी भिंगातून तो खुंट पाहिला आणि म्हणाले, "सर, फिरायला कुठलंही यंत्र फिरतं. वेळेवर थांबतं का, ते बघून घ्यायचं असतं."

या एका वाक्याने माझ्या खरेदीचा सगळा हिशेब चुकला होता हे ध्यानात आले. चष्मे, खेळणी, लॅपटॉप, कॅमेरे, रिमोट असल्या नाजूक वस्तूंसाठी विजेचा पेचकस घेण्याचा विचार पुष्कळ घरांत असतो. त्यांना माझ्यासारखा रबरबँड शोधावा लागू नये, म्हणून हा प्रपंच.

यंत्र वाचवते ते काय?

आधी थोडे गणित करू. लॅपटॉपसारख्या वस्तूंत २ मिलिमीटर जाडीचे स्क्रू पुष्कळ आढळतात. त्यांच्या एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर सामान्यतः ०.४ मिलिमीटर असते. म्हणजे आत गेलेला ४ मिलिमीटरांचा भाग बाहेर येण्यास १० फेरे हवेत. बोटांच्या चिमटीत एका वेळी सुमारे अर्धा फेरा मिळतो. तेव्हा एका स्क्रूला २० हिसके झाले. असे दहा स्क्रू काढायला २०० आणि लावायला २००. चाळिशी उलटलेल्या मनगटाला हा आकडा जाणवतो! मिनिटाला २०० फेरे घेणारा पेचकस हेच दहा फेरे तीन सेकंदांत उरकतो. त्याची सोय आहे ती ही.

पण या दहा फेऱ्यांतले दोन क्षण महत्त्वाचे. घट्ट बसलेला स्क्रू पहिल्यांदा सुटतो तो एक, आणि लावताना डोके टेकून स्क्रू आवळला जातो तो दुसरा. खाच बिघडते ती पहिल्या क्षणी, प्लॅस्टिक फुटते ते दुसऱ्या. मधले फेरे निव्वळ वाटचाल असते. तिला जोर असा लागतच नाही. म्हणून उत्तम लहान पेचकस कोणता? मधली वाटचाल स्वतः करणारा, आणि दोन्ही टोकांचे क्षण आपल्या बोटांकडे सोपवणारा.

पिस्तूल की पेन?

पिळाच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. घरगुती भाषेत सांगायचे, तर आसापासून १ सेंटिमीटरवर सुमारे १० किलो वजन टांगले तर जो पीळ बसेल, तो १ न्यूटन-मीटर. पिस्तुलाच्या घाटाचे लहान पेचकस साधारणपणे ३ ते ५ न्यूटन-मीटर जोर लावतात. दाराची कडी किंवा पडद्याची दांडी बसवायला ते उत्तम. परंतु ट्रान्झिस्टरच्या बारीक खुंटावर तोच जोर म्हणजे एक सेंटिमीटरवर ३० ते ५० किलो टांगल्यासारखे झाले. खुंट चिरला यात नवल कसले?

याउलट जाड फाउंटन पेनासारखे दिसणारे जे पेचकस मिळतात, त्यांच्या मोटरीचा जोर बहुधा ०.०५ ते ०.३ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. दुकानदार ही गोष्ट जरा ओशाळून सांगतो. वास्तविक नाजूक कामाला हाच त्याचा मोठा गुण आहे. स्क्रू टेकला की अशी मोटर दमते आणि थांबते. काहींत जोराच्या दोन-तीन पायऱ्याही असतात. त्यांतली सर्वांत खालची पायरी आपल्या कामाची.

मग घट्ट स्क्रू सुटायचा कसा? त्यासाठी एक गोष्ट अवश्य पाहावी. मोटर बंद असताना पेचकसाचे टोक जागच्या जागी घट्ट राहते का? राहत असेल, तर तोच पेचकस साध्या पेचकसासारखा हाताने पिळता येतो. आणि हाताचा जोर मोटरीच्या कितीतरी पट असतो. टोक सैल फिरत असेल, तर ती वस्तू खेळणे समजून दुकानातच ठेवावी. खोक्यावर पुष्कळदा मोटरीचा आणि हाताचा असे दोन निरनिराळे आकडे छापलेले असतात. मोठ्या अक्षरांतला आकडा हाताचा असू शकतो; तेव्हा दोन्ही वाचावे.

खाचेची ओळख

माझा चौथा स्क्रू बिघडला तो मात्र केवळ जोरामुळे नव्हे. मी लावलेले टोकच त्या खाचेचे नव्हते. 'अधिकाची खाच, अधिकाचे टोक' एवढ्यावर मी भागवले होते.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरच्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली या अधिकाच्या खाचेची पेटंटे मिळाली. सरळ खाचेतून टोक बाजूला सरकते; अधिकाच्या खाचेत ते आपोआप मध्यावर बसते, म्हणून कारखान्यांतल्या यंत्रांना ती फार मानवली. पण तिच्या भिंती उतरत्या असतात. जोर वाढला की टोक त्या उतारावरून वर चढते आणि बाहेर उडी घेते. उडी घेताना खाच कुरतडते, ते निराळेच.

या खाचेच्या टोकांवर मापाचे आकडे असतात. घरातल्या साध्या स्क्रूंना २ किंवा १. लॅपटॉपला १ किंवा ०. त्याहून बारीक वस्तूंना ०० आणि ०००. आमच्या परीक्षेत शून्ये वाढली तर विद्यार्थी घाबरतो; इथे शून्ये वाढली की टोक बारीक होते, एवढे लक्षात ठेवावे. जपानी कॅमेऱ्यांतली अधिकाची खाच दिसायला अगदी अशीच, पण तिची घडण थोडी वेगळी असते. तशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. त्याला जपानी पद्धतीचेच टोक लावणे चांगले.

पुढे १९६७ साली सहा पाकळ्यांची टॉर्क्स ही खाच आली. तिच्या भिंती उभ्या असल्यामुळे टोक सहसा वर चढत नाही. आयफोनच्या तळाशी असलेल्या दोन स्क्रूंची खाच पाच पाकळ्यांची असते, तर काही खेळयंत्रांवर तीन पायांची आढळते. म्हणून पेचकसाबरोबर किती टोके मिळतात हे मोजण्यापेक्षा कोणती मिळतात हे पाहावे. ००, ०, १ या मापांची अधिकाची, दीड आणि दोन मिलिमीटरांची सरळ, टॉर्क्सची ५, ६ आणि ८ ही मापे, आणि आपल्या घरात आयफोन असेल तर पाच पाकळ्यांचे एक. एवढ्यांत बहुतेक संसार भागतो. साठ टोकांच्या पेटीतली पन्नास टोके आयुष्यभर घडीची राहतात, आपल्या ठेवणीतल्या शालूंसारखी!

टोकाचा दांडा सहा बाजूंचा आणि ४ मिलिमीटर मापाचा असावा. बारीक कामाची टोके त्या मापाची सर्वत्र मिळतात, त्यामुळे एक झिजले तर पेटी टाकावी लागत नाही. मोठ्या पेचकसांच्या टोकांचा दांडा ६.३५ मिलिमीटरांचा असतो; तो इथे बसत नाही.

दुकानात पाच मिनिटे

पेचकस हाती आला की तो उभा धरून चालू करावा आणि टोकाकडे पाहावे. ते स्थिर फिरले पाहिजे. भोवरा शेवटी डुलतो तसे डुलत असेल, तर बारीक खाचेत ते कधीच नीट बसणार नाही. मग बटण. बोट उचलताच टोक थांबते, की आणखी दोन फेरे घेते? घड्याळजींची कसोटी ती हीच. उलट आणि सुलट फिरवण्याची बटणे अंगठ्याला न पाहता सापडावीत. टोकापाशी दिवा असला तर तो डोळ्यांवर उपकार करतो. चार्जिंगची खाच फोनसारखी, यूएसबी-सी असावी. निराळी वायर दोन वर्षांत हरवते.

टोके लोहचुंबकी असली तर खाली पडलेला स्क्रू शोधत कोणाला सतरंजीवर रांगावे लागत नाही. मात्र चावीच्या मनगटी घड्याळाजवळ चुंबक नेऊ नये. आतली केसासारखी कमान चुंबकली, तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागते. ते घड्याळ घड्याळजींकडेच जाऊ द्यावे.

वापरण्याची रीत

स्क्रू सोडवताना पहिला पाव फेरा हाताने द्यावा आणि टोक खाली दाबून धरावे. मग बटण. लावताना प्लॅस्टिकच्या वस्तूंत स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवावा. 'टक्' करून तो किंचित खाली बसल्याचे बोटांना कळते. आता तो आपल्या जुन्या आट्यांत आला. मग सुलटा फिरवावा, मोटरीला मधली वाटचाल करू द्यावी, आणि शेवटचा पाव फेरा पुन्हा हाताने. असे न केले तर स्क्रू दर वेळी नवे आटे कापतो आणि चार-पाच दुरुस्त्यांत खुंट पोकळ होतो.

काढलेले स्क्रू एका कागदावर वस्तूची आकृती काढून त्या त्या जागी ठेवावेत. त्यांची लांबी सारखी नसते. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला, तर तो खालच्या पट्टीला भोक पाडतो.

आणि काही वस्तू मुळीच उघडू नयेत. मायक्रोवेव्ह ओव्हनचा प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. फुगलेल्या बॅटरीच्या फोनलाही टोक लावू नये. ती टोचली गेली तर पेट घेते. तिथे पेचकस कितीही चांगला असो, जाणत्या कारागिराकडे जावे.

घरात केवळ चष्म्याचाच स्क्रू अधूनमधून ढिला होत असेल, तर विजेचा पेचकस घेऊच नये. ज्याच्या डोक्यावर तर्जनी टेकवता येते असा घड्याळजींच्या पद्धतीचा साधा बारीक पेचकस पुरे. वर्षातून दहा स्क्रू फिरवणाऱ्याला मोटर नको. महिन्यातून दहा फिरवणाऱ्याने जरूर घ्यावी.

मी पुढे पेनासारखा एक पेचकस घेतला. घड्याळजींनी तो खुंट चिकट रसायनाने सांधून दिला होता. त्यात मी स्क्रू बसवला तो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने. वडिलांनी रबरबँड तरीही काढला नाही. "असू दे, सवय झाली," एवढेच म्हणाले.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी वाचत बसलो असताना त्यांनी आपला चष्मा माझ्यापुढे धरला. काडी लटपटत होती. मी खणातून नवा पेचकस काढला, बटणाला बोट न लावता तो चिमटीत धरला आणि पाव फेरा दिला. वडिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मान डावीउजवीकडे हलवून पाहिली आणि ते गॅलरीत गेले. थोड्या वेळाने पाहिले, तर रबरबँड खणात परत आला होता.