धनी कोण, हे कुत्रा ठरवतो

कुत्रा धन्याला ओळखतो तो प्रथम नाकाने. मग आवाज, चाल, चेहरा. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा ओळखीच्या माणसाच्या नुसत्या वासाने, तो समोर नसतानाही, सुखाची चाहूल नोंदवणारा भाग उजळला. डार्विनने १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये लिहिले आहे की, ५ वर्षे २ दिवसांनी त्याने जुन्या पद्धतीने हाक मारली आणि परक्यांना थारा न देणारा त्याचा कुत्रा अर्ध्या तासापूर्वीच भेटल्यासारखा मुकाट मागे चालू लागला.

आमच्या नागपुरात 'धनी कोण' हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचे तर आधी त्यांना दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली.

चावे सोसणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. पण मला वाटते, रोज पोळी टाकणाऱ्याला कुत्र्याने केव्हाच धनी मानलेले असते. कागद त्याला कळत नाही. म्हणून रेबीजची लस आणि नसबंदी यांसाठी त्या माणसानेच पुढे यावे. पालिकेची गाडी दिसताच कुत्रा पळतो. याच्या हाकेला मात्र शेपूट हलवत येतो.